गटाराचं वाक्य

चूक माझी होती, आणि करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

झालं असं. नगरप्रमुखाची निवडणूक तोंडावर आली होती. आमच्याकडे उमेदवार म्हटला की त्यानं गल्लीतल्या टपरीवर बसून काहीतरी खाल्लंच पाहिजे, आणि खाताना तो कॅमेऱ्यात दिसलाच पाहिजे. जो निवडणुकीआधी लोकांसमोर खात नाही तो निवडणुकीनंतर लोकांमागे खातो, असा साधा हिशेब. तर एका शनिवारी सकाळी एक नंबरचा, म्हणजे निळ्या पक्षाचा उमेदवार बाओजूकाकूंच्या दुकानात बावान खायला आला. काकूंनी तो रताळ्याच्या पिठाचा काचेसारखा गोळा तेलातून काढला, कात्रीनं त्याचे चार तुकडे केले, आतलं मांस आणि बांबूचे कोंब बाहेर डोकावले, त्यावर गोडसर लाल रस्सा सोडला, कोथिंबीर टाकली, आणि वाटी पुढं सरकवत म्हणाल्या, "निवडून ये बाबा. आणि आमच्या गल्लीचं गटार तेवढं बघ. तीन वादळं झाली, तुंबलेलंच आहे."

तो तोंड भाजून गेला. थोड्या वेळानं दोन नंबरचा आला, हिरव्या पक्षाचा. तीच वाटी, तीच कात्री. काकू म्हणाल्या, "निवडून ये बाबा. आणि आमच्या गल्लीचं गटार तेवढं बघ. तीन वादळं झाली, तुंबलेलंच आहे."

यात विशेष काही नव्हतं. काकू हे सगळ्यांनाच म्हणतात. विमा विकायला येणाऱ्या पोरालाही म्हणतात, "मोठा हो बाबा, आणि ते गटार तेवढं बघ."

मी आमच्या गावचा बातमीदार. कुणाच्या पगारावर नाही. स्वतःची स्कूटर, स्वतःचा कॅमेरा. चित्रण करायचं आणि तैपेईतल्या ज्या चॅनलला हवं त्याला द्यायचं. चॅनलांना गावाकडचं काही दहा सेकंदांवर सोसत नाही. म्हणून मी निळा उमेदवार निळ्या चॅनलला पाठवला, हिरवा हिरव्याला, आणि दोन्हीकडून गटाराचं वाक्य कापलं. दोन्हीकडून सारखंच कापलं, एक अक्षर इकडे जास्त नाही की तिकडे कमी नाही. याला मी समतोल समजत होतो. त्या आनंदात मी घरी जाऊन दुपारची झोपही काढली.

संध्याकाळी निळ्या चॅनलवर काकू हसत म्हणत होत्या, "निवडून ये बाबा," आणि खाली पट्टी: 'गावाकडच्या मावशीचा कौल एक नंबरलाच!' त्याच वेळी हिरव्या चॅनलवर त्याच एप्रनमधल्या त्याच काकू त्याच कात्रीसकट म्हणत होत्या, "निवडून ये बाबा," आणि पट्टी: 'मावशी म्हणते, आता दोन नंबरच!'

तैवानातल्या चांगहुआ जिल्ह्यातलं आमचं गाव लहान. पण माझ्याशिवाय दोन्ही चॅनल बघणारा एकही माणूस त्यात नाही, त्यामुळं रात्रभर गावात शांतता होती. अर्धं गाव खूश की काकू आपल्या निघाल्या. उरलेलं अर्धं गावही त्याच कारणानं खूश.

सकाळी सगळ्यांत आधी आले पेंग मास्तर. प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा शर्ट, आणि जन्मापासून निळे. बसले आणि म्हणाले, "बाओजूबाई, अभिनंदन. इतकी वर्षं आपण मनातलं ओळखू दिलं नाही, पण सत्य शेवटी ओठांवर आलंच."

"कसलं सत्य? तिखट घालू का?"

तेवढ्यात चिखलाचे बूट आपटत ह्वोशेंग आजोबा आले. त्यांचा द्राक्षमळा, आणि द्राक्षं पिकून काळी झाली तरी आजोबा आतून हिरवेच. काकूंचे यजमान त्यांचे दोस्त, म्हणून काकूंना ते वहिनी म्हणतात. "वहिनी! काल लई झाक बोललात. म्या घरच्यांना सांगितलं, आपली वहिनी हाय ती."

मास्तरांनी चष्मा काढला. "आपली म्हणजे?"

"आपली म्हंजी आमची."

"तुमची? त्या काल एक नंबरला आशीर्वाद देताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"म्यापण सोताच्याच डोळ्यांनी बघितलं. दोन नंबरला."

मग दोघांनी आपापले मोबाइल काढले, एकमेकांच्या नाकासमोर धरले, आणि हळूहळू दोघांच्याही माना काकूंकडे वळल्या. मी कोपऱ्यात वाटीत तोंड घालून बसलो होतो. मला त्या वाटीत पूर्ण मावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"दुतोंडी," मास्तर म्हणाले.

"दोन डगरींवर पाय," आजोबा म्हणाले.

बऱ्याच वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

आता कुणी म्हणेल, बावान विकणारी बाई कुणाला आशीर्वाद देते यानं काय बिघडतं? बिघडतं, कारण काकू नुसत्या बावान विकत नाहीत. मतदान संपलं की आमच्या शाळेच्या वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मतं मोजतात. एकजण पेटीतून मतपत्रिका काढतो, दुसरा ती डोक्यावर धरून चारी बाजूंना दाखवत मोठ्यानं पुकारतो, तिसरा भिंतीवरच्या कागदावर पाच रेघांनी पुरं होणाऱ्या अक्षराची एकेक रेघ, दर मताला एक, ओढत जातो. दारात नि खिडक्यांत गाव उभं असतं. त्यात पुकारण्याचं काम काकूंचं. मी रांगत होतो तेव्हापासून काकूच. आवाज असा की शाळेमागच्या भातखाचरातला बगळा उडावा. कितीतरी निवडणुका झाल्या, कितीतरी जण पडले, पण काकूंच्या आवाजावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पडलेला माणूसही म्हणायचा, "बाओजूनं पुकारलं म्हणजे पडलो असणार."

आणि ही त्यांची शेवटची वेळ होती. गुडघे गेले होते. एवढा वेळ उभं राहणं पुढच्या खेपेला व्हायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. "एकदा शेवटचं नीट पुकारते आणि बसते," असं त्या वर्षभर म्हणत होत्या. दुपारपर्यंत मास्तर आणि आजोबा एकाच स्कूटरवरून नगर कार्यालयात गेले आणि मिळून तक्रार देऊन आले: बाओजूबाईंना पुकारू देऊ नये, त्या पक्षपाती आहेत. कुठल्या पक्षाच्या, ती जागा दोघांनी आपापली भरली.

मी काकूंपुढं जाऊन उभा राहिलो. "काकू, चुकलं माझं."

"यानतिंग," त्या म्हणाल्या, "मी दोघांना एकच बोलले होते ना?"

"हो."

"आणि त्यात खरं बोलणं कुठलं होतं?"

"...गटाराचं."

"तेच तू खाल्लंस. माझं वाक्य देणं लागतोस तू. लक्षात ठेव."

काकू पुकारत आल्या ते योगायोगानं नाही. त्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या घरात आवाज पोचवण्यात गेलं. त्या तिशीत होत्या तेव्हा देशात तीनच टीव्ही केंद्रं होती आणि तिन्ही सरकारच्या सुरात सूर मिसळून बोलायची. तेव्हा चोरून तारा ओढून घराघरात 'चौथं केंद्र' दाखवण्याचा धंदा निघाला. आमच्या गावात तो काकूंच्या यजमानांनी घेतला. एकच अडचण होती: यजमानांना उंचीची भीती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटायचा. मग छपरावर चढायच्या काकू, आणि ते खालून तार सोडत, "सांभाळ गं, सांभाळ," म्हणत उभे राहायचे. पोलीस सकाळी तार तोडून जायचे, काकू दुपारी जोडून यायच्या. एकदा पोलिसानं तोडलेली तार गुंडाळून नीट त्यांच्या दारात आणून ठेवली होती, म्हणे, कारण त्याच्या घरची कुस्ती अर्ध्यात बंद पडली होती.

खरं सांगायचं तर अर्ध्या गावानं तार घेतली ती जपानी कुस्तीसाठी. पण कुस्तीच्या मागोमाग विरोधकांची, म्हणजे पुढं जे हिरवे झाले त्यांची, भाषणंही यायची, आणि ती ऐकून लोक चहा प्यायचं विसरायचे. पेंग मास्तर अजून म्हणतात, "या बाई मूळच्या हिरव्याच. त्यांनी विरोधकांचा आवाज माझ्या छपरावरून नेला."

यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असतं. "मास्तर, तीन भोंगे एकच गाणं वाजवत होते. मी चौथा लावला. तेव्हा मधोमध उभं राहायचं तर त्या बाजूला जरा सरकावंच लागत होतं. आणि तुमच्या छपरावर चढले तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत, 'बाई, कुस्ती किती वाजता लागते?'"

पुढं तारा कायदेशीर झाल्या, मोठ्या कंपन्या आल्या. यजमान गेले. काकूंनी दुकान टाकलं आणि भिंतीवर टीव्ही लावला. तोवर एका चौथ्या केंद्राची डझनभर बातम्यांची चॅनलं झाली होती, आणि रंग पाहिल्याशिवाय चॅनल बघता येत नव्हतं. निळं लावलं की आजोबा वाटी उचलून बाहेर जाऊन उभ्यानं खायचे. हिरवं लावलं की मास्तर रुमालानं कान पुसायचे.

काकूंनी तोडगा काढला: विषम तारखेला निळं, सम तारखेला हिरवं. महिनाभर दुकान गुण्यागोविंदानं चाललं. मग एकतीस तारीख आली, आणि तिच्यामागून एक. सलग दोन दिवस निळं. आजोबा कडाडले, "कॅलेंडरबी त्यांचंच हाय!" शेवटी एकतीस तारखेला टीव्ही बंद ठेवायचं ठरलं. त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा बावानची चव कळली, असं काकू म्हणतात.

मग त्यांनी आवाज बंद ठेवून नुसतं चित्र लावून पाहिलं. लोक पट्ट्या वाचून भांडले. नुसतं हवामान लावलं. एका चॅनलचा नकाशा आपल्या किनाऱ्यावर संपतो आणि दुसऱ्याचा समुद्र ओलांडून पलीकडच्या चीनमधल्या शहरांचंही तापमान सांगतो. त्या नकाशावरून एक वाटी फुटली. स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला, तर आचाऱ्याची बायको कुणाच्या तरी प्रचाराला गेलेली निघाली. अखेर काकूंनी टीव्ही काढून माडीवर टाकला आणि त्या जागी माशांचं काचपात्र ठेवलं. त्यात छान लाल मासे सोडले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी काचेला नाक लावलं. "वहिनी. लाल? समुद्रापल्याडचा रंग?"

काकूंनी लाल मासे बाजारात परत दिले आणि काळे आणले. मास्तरांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारलं, "हे मूळचे कुठले?"

"पाण्यातले," काकू म्हणाल्या.

तर अशी ही बाई. जिनं मासेसुद्धा तपासून आणले, तिला माझ्या दहा-दहा सेकंदांनी पक्षपाती ठरवलं.

नगर कार्यालयात निवडणुकीचं काम काओ साहेब बघतात. भला माणूस, पण निर्णय म्हटला की त्यांना पेन सापडत नाही. त्यांनी फाइल पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाले, "नियमात 'पक्षपाती आवाज' असं काही नाही. पण तक्रार दोन्ही बाजूंची आहे, म्हणजे बाईंना बदलणं हेच सगळ्यांना सारखं होईल."

"साहेब, बदललंत तर दोघांचंही म्हणणं खरं ठरेल," मी म्हटलं.

"ते खोटं आहे हे तू दाखवतोस का?"

मी म्हटलं, दाखवतो. तोंडातून गेलं. कसं दाखवायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

आजोबांच्या डोक्यात पहिला उपाय देवीचा आला. आमच्या माझूदेवीच्या देवळात सगळे जमलो. उदबत्त्या लावल्या. आजोबांनी कौल लावायचे अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरले आणि विचारलं, "आई, बाओजूवहिनी कुणाच्याच बाजूची न्हाई, व्हय का न्हाई?" आणि टाकले. एक पालथा एक उताणा पडला असता तर होकार, दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसतेय. पुन्हा टाकले. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा मास्तरांनी टाकले, शिक्षकाच्या हाताला वळण असतं म्हणून. देवी हसतच होती.

"प्रश्नच चुकीचा विचारताय," देवळाचे पुजारी आतून ओरडले. "आई माणसांची आहे, चॅनलवाल्यांची नाही."

मग मला सुचलं. देवळापुढच्या वडाखाली प्लॅस्टिकची स्टुलं मांडली. मास्तर आणि आजोबांना काकूंकडे पाठ करून बसवलं, हातात एकेक पंखा दिला. काकू मागं उभ्या. दुकानातल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या मी पिसून त्यांच्या हातात दिल्या, काहींवर एक लिहिलेला, काहींवर दोन. त्या पुकारतील, ज्याला वाटेल की आवाज कुणाकडं झुकला, त्यानं पंखा वर करायचा. काओ साहेब पंच. सगळं देऊळ प्रेक्षक.

काकूंनी घसा साफ केला. "एक नंबर, एक!"

आजोबांचा पंखा वर. "बघा! कसं वढून म्हणल्या."

"दोन नंबर, एक!"

मास्तरांचा पंखा वर. "स्पष्ट. शेवटच्या अक्षरावर आनंद होता."

"एक नंबर, एक!" आजोबांचा पंखा. "दोन नंबर, एक!" मास्तरांचा पंखा. थोड्या वेळानं दोघांच्या पंख्यांना अशी लय आली की काओ साहेबांना वारा लागायला लागला. मी कॅमेऱ्यातला आवाजाचा काटा दोघांना दाखवला. प्रत्येक वेळी तो एकाच खुणेपर्यंत गेलेला.

"काटा कुणाचा?" आजोबांनी विचारलं.

"माझा."

"आन् तू दोन्हीकडं इकतोस. मंग काटाबी दोन्हीकडचाच."

काओ साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "झालं! दोघांचीही तक्रार सारखीच आहे. म्हणजे बाई बरोबर मध्ये आहेत. दोन्ही बाजू नाराज, म्हणजेच तटस्थ. तैपेईत चॅनलवालेही असंच म्हणतात."

मला वाटलं सुटलो. पण काकू चिठ्ठ्या खाली ठेवून म्हणाल्या, "साहेब, असलं प्रशस्तिपत्र मला नको. सगळेच नाराज म्हणजे बरोबर, असं असेल तर मी उद्यापासून बावान खारट करते. दोन्ही पक्ष सारखे थुंकतील. ते काय मोठं काम झालं?"

देऊळभर हशा झाला. काकू मात्र हसल्या नाहीत. "मला बरोबर पुकारायचंय. कुणाला काय वाटलं ते नंतर." मग त्यांनी चिठ्ठ्यांचे दोन भाग केले आणि एक मास्तरांच्या हातात दिला. "घ्या. तुम्ही पुकारा."

"मी?"

"शाळेत इतकी वर्षं हजेरी घेतलीत ना? आवाज सपाट ठेवून दाखवा."

मास्तर उभे राहिले. शर्ट नीट केला. "एक नंबर, एक!" काय तो आवाज! जणू बक्षीस समारंभात पहिला आलेला मुलगा पुकारताहेत. पुढची चिठ्ठी उलगडली. मास्तरांचा आवाज खाली गेला. "दोन... नंबर. एक." गावातलं कुणीतरी वारल्याची बातमी असावी तसं. बायका पदर नसल्यामुळं हातानं तोंड दाबून हसायला लागल्या. मास्तर रागावले, पुन्हा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या मयताला पहिल्यापेक्षा जास्त दुःख झालं.

"बसा, बसा," आजोबा खुशीत उठले. "ह्ये असं करायचं असतंय. दोन नंबर, एक!" वडावरची पाखरं उडाली. "दोन नंबर, एक!" राहिलेलीही उडाली. मग एक नंबरची चिठ्ठी आली. आजोबांनी ती लांब धरली, जवळ धरली. "ह्ये... एक. एक नंबर. एक?" खताच्या दुकानात भाव विचारावा तसा प्रश्न.

"विचारू नका आजोबा, सांगा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"सांगतोय की! घशात अडकतंय त्याला म्या काय करू?"

त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. मग चिठ्ठ्या काकूंना परत दिल्या आणि स्टुलावर बसून पंख्यानं स्वतःलाच वारा घेऊ लागले. मास्तरांनी शर्ट पुन्हा नीट केला.

"बाओजूबाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्हाला घशात काहीच अडकत नाही का?"

"अडकतं की. मलाही मत आहे. मी काय काचपात्रातला मासा आहे?" काकू म्हणाल्या. "पण ते मी पडद्यामागं जाऊन, शिक्का मारून, पेटीत टाकून येते. एकदा पेटीत टाकलं की मग घसा मोकळा होतो. तुम्ही लोक टाकतच नाही. दिवसभर घेऊन हिंडता."

तक्रार दुसऱ्या दिवशी मागं घेतली गेली. कारण म्हणून मास्तरांनी लिहिलं की संबंधित बाईंचा आवाज अर्जदार दोघांनाही सारखाच अप्रिय असल्याने, अधिक चांगला पर्याय उपलब्ध नाही. काकूंनी ते वाचून घेतलं. "मास्तर माफी मागतात तेव्हाही व्याकरण सुटत नाही," म्हणाल्या. पण एप्रनच्या खिशातून घशाच्या गोळ्यांची डबी काढून त्यांनी दोनदा उघडमीट केली, त्यावरून मला कळलं की त्या किती घाबरल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी पेट्या बंद झाल्या, वर्गातली बाकं बाजूला सरकली, कागद भिंतीला लागला. काकू एप्रन न घालता आल्या होत्या. त्यांना तशा पाहिलं की कुणीतरी परकी बाई वाटते. पक्षांचे निरीक्षक म्हणून आत मास्तर आणि आजोबाच होते, एक त्यांच्या उजव्या कोपराशी, एक डाव्या. दोघांचे हात कानामागं. मी दारात कॅमेरा लावला.

"दोन नंबर, एक!"

"एक नंबर, एक!"

"एक नंबर, एक!"

काय सांगू! काहीच नव्हतं त्यात. चढ नाही, उतार नाही. मीठ नाही, साखर नाही. भिंतीवर रेघेमागून रेघ पडत होती आणि काकू पत्रिका डोक्यावर धरून, समोर, डावीकडे, उजवीकडे दाखवून खाली ठेवत होत्या, मग पुढची. सुरुवातीला खिडकीतली माणसं माना पुढं काढून ऐकत होती. मग माना मागं गेल्या. मग कुणी शेंगा सोलायला लागलं. आजोबांचा कानामागचा हात खाली आला, मग हनुवटी खाली आली, मग आजोबा भिंतीला टेकून झोपले.

मास्तरांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "उठा. आत्ता तुमचं मत गेलं."

आजोबा दचकले. "काय? कुटं गेलं? मोजलं न्हाई का?"

"मोजलं. मी ऐकलं. रेघही पडली."

"तुमी बघितलंत न्हवं?"

"बघितलं म्हटलं ना."

"मंग ठीक हाय," म्हणून आजोबा पुन्हा झोपले. मास्तरांनी त्यानंतर दोन्ही कानांमागं हात लावले.

एक पत्रिका अशी निघाली की शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर बसलेला. काकूंनी ती उंच धरली. सगळा वर्ग जागा झाला. मग केंद्रप्रमुखांकडं दिली. ते ठरवतात तोवर त्या खिडकीबाहेर बगळा शोधत उभ्या होत्या. निकाल आला, त्याच आवाजात पुकारलं, पुढची उचलली.

कोण निवडून आलं ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच हे वाचणं सोडून मी कुठल्या रंगाचा ते बघायला लागाल. मतं थोडीच कमी-जास्त होती. पडलेल्या बाजूच्या एका पोरानं दारातून ओरडायला तोंड उघडलं, तर आजोबा आणि मास्तर दोघांनीही एकदम वळून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं जांभई देऊन वेळ निभावून नेली. काकूंनी शेवटची पत्रिका ठेवली, गुडघा धरला, आणि म्हणाल्या, "झालं बाई."

मी त्याच संध्याकाळी चित्रण पाठवलं. यावेळी कापलं काही नाही. सुरुवातीला काकू शाळेच्या फाटकातून येताना मला म्हणाल्या होत्या, "यानतिंग, निवडून कुणीही येवो, आमच्या गल्लीचं गटार तेवढं बघा म्हणावं," तेही ठेवलं. मग पुकारणं. दोन्ही चॅनलला शब्दाला शब्द एकच.

निळ्या चॅनलच्या संपादकबाईंचा फोन आला. "यानतिंग, यात आहे काय?"

"मतमोजणी आहे, ताई."

"ते दिसतंय. पण होतंय काय? भांडण कुठाय?"

"झालंच नाही."

"मग कशाला पाठवलंस?"

हिरव्या चॅनलच्या संपादकांनी फोनही केला नाही, नुसतं लिहिलं: 'म्हातारा झोपलाय तेवढा तुकडा पाठव, बाकी नको.' तो मी पाठवला नाही. आजोबांना हिरव्या चॅनलवर झोपलेलं दाखवलं असतं तर त्यांनी मला द्राक्षमळ्यात पुरलं असतं.

आठवड्यानं नवे नगरप्रमुख आभार मानायला गल्लीत आले. हार, फटाके, मागं ध्वनिक्षेपकाची गाडी. काकूंनी बावान कापला, वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "अभिनंदन बाबा. आणि आमच्या गल्लीचं गटार तेवढं बघ." ते म्हणाले, "नक्की, नक्की," आणि गटारावरची फळी ओलांडून गाडीत बसले. ते चित्रण मी दोन्ही चॅनलला पाठवलं. दोघांनीही "नक्की, नक्की" ठेवलं.

मी दुकानात जाऊन नेहमीच्या स्टुलावर बसलो. काळे मासे काचेतून माझ्याकडं बघत होते. मास्तर पेपर वाचत होते, आजोबा त्याच पेपरची दुसरी बाजू वाचत होते, आणि मास्तरांनी पान उलटलं की, "थांबा की वो," म्हणत होते.

"माझं गटाराचं वाक्य लागलं का?" काकूंनी विचारलं.

"नाही, काकू."

"एकावरही नाही?"

"एकावरही नाही."

"म्हणजे दोन्हीकडं सारखंच," आजोबा पेपरामागून म्हणाले.

काकूंनी माझा बावान तेलातून काढला, कात्री चालवली, रस्सा सोडला. कोथिंबिरीच्या भांड्यापर्यंत त्यांचा हात गेला, तिथं थांबला, आणि तसाच परत आला.

"वाक्य मिळेल तेव्हा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आणखी एक वादळ होऊन गेलं. गटार तसंच आहे, आणि माझ्या वाटीत अजून कोथिंबीर पडलेली नाही.